एफआरएमचा अभ्यास: उभ्याने काय, बसून काय

सकाळची डोंबिवलीहून सीएसएमटीकडे जाणारी फास्ट, लेडीज डबा. एका हाताने वरची कडी धरलेली, दुसऱ्या हातात मोबाइल आणि मोबाइलवर बायनॉमियल ट्रीचं, म्हणजे ऑप्शनची किंमत काढायच्या झाडासारख्या आकृतीचं, उदाहरण. कुर्ला यायचं तरी मी त्या झाडाच्या दुसऱ्या पायरीवरच. असे चार महिने काढले आणि एफआरएम या जोखीम व्यवस्थापनाच्या परीक्षेच्या पार्ट वनला नापास झाले.

या परीक्षेच्या निकालात गुण कळत नाहीत. पास की नापास ते कळतं आणि प्रत्येक विषयात तुम्ही कोणत्या क्वार्टाइलमध्ये, म्हणजे वरून कितव्या चतुर्थांशात, ते कळतं. माझं फाउंडेशन्स पहिल्या क्वार्टाइलमध्ये होतं. क्वांट, म्हणजे गणिताचा विषय, आणि व्हॅल्युएशन, म्हणजे किंमत आणि जोखीम मोजण्याचा, शेवटच्यात. उभ्याने होण्यासारखा अभ्यास झाला होता, टेबलाशी बसून व्हायला हवा होता तो राहिला होता. दुसऱ्या खेपेला मी तास वाढवले नाहीत, फक्त वाटणी बदलली.

मुंबईत नोकरी करून शिकणाऱ्याकडे वेळ नसतो, हे अर्धंच खरं आहे. रोजचे दोन-अडीच तास प्रवासात असतातच. नसतो तो सलग आणि बसून मिळणारा वेळ. म्हणून अभ्यासक्रम विषयांप्रमाणे नव्हे, वेळेच्या जातीप्रमाणे वाटायचा.

परीक्षेची तोंडओळख

फायनान्शियल रिस्क मॅनेजर हे प्रमाणपत्र गार्प ही संस्था देते. १९९७ पासून ही परीक्षा चालू आहे. दोन पार्ट, दोन्ही संगणकावर, दोन्हींत फक्त पर्यायी प्रश्न. पार्ट वनला चार तासांत १०० प्रश्न, पार्ट टूला चार तासांत ८०. उत्तर चुकलं तर गुण कापत नाहीत. परीक्षा मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरमध्ये होते.

पार्ट वनमध्ये चार विषय आहेत. फाउंडेशन्स २० टक्के, क्वांटिटेटिव्ह अॅनालिसिस २०, फायनान्शियल मार्केट्स अँड प्रॉडक्ट्स ३०, व्हॅल्युएशन अँड रिस्क मॉडेल्स ३०.

पैशांचं आधी बघा. २०२४ मध्ये पहिल्यांदा नाव नोंदवताना एकदाच ४०० डॉलर आणि प्रत्येक पार्टसाठी लवकर भरल्यास ६००, उशिरा भरल्यास ८०० डॉलर लागत होते. कार्डाने भरलं की बँक परकीय चलनाचा मार्कअप लावते तो वेगळा. नापास झालात तर परीक्षेची फी पुन्हा. क्लास लावायचा की नाही, हे ठरवताना हा आकडा समोर ठेवा. मी पहिल्या वेळी एका क्लासचे रेकॉर्डेड व्हिडिओ घेतले होते. शिकवणं वाईट नव्हतं; पण दुसऱ्याला उदाहरण सोडवताना बघून आपल्यालाही येतंय असं वाटत राहतं, हा त्याचा तोटा.

परीक्षा द्यायची कशाला, याचं उत्तरही आधी शोधा. सरकारी बँकेत जेएआयआयबी-सीएआयआयबी या बँकिंगच्या परीक्षा झाल्या की वेतनवाढ मिळते. एफआरएमकडून तशी आपोआप अपेक्षा ठेवू नका. ट्रेझरीचं मिड ऑफिस (बँकेच्या गुंतवणुकीच्या सौद्यांवर नजर ठेवणारा विभाग), मार्केट रिस्क (बाजारभावाची जोखीम), क्रेडिट मॉडेल (कर्ज बुडण्याचा अंदाज), मॉडेल व्हॅलिडेशन (अशी मॉडेल्स तपासणं), स्ट्रेस टेस्टिंग (वाईट परिस्थितीत काय होईल ते मोजणं) यांपैकी कुठे जायचं असेल तर ती कामाची आहे. विक्री किंवा शाखेतच राहायचं असेल तर हे पैसे दुसरीकडे लावा.

पायरी १: महिना निवडा

बँकेत काम करणाऱ्यांनी मेच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ३१ मार्चचं क्लोजिंग आणि पाठोपाठ एप्रिलमधलं ऑडिट या दोन महिन्यांतच सराव पेपर सोडवायचे असतात. ऑगस्टची परीक्षा भर पावसात. रुळांवर पाणी आलं तर अभ्यासाचा एक दिवस जातो तो परवडतो. परीक्षेचा दिवस जाणं परवडत नाही. शहरातच, केंद्रापासून जवळ राहत असाल तर ऑगस्ट चालेल.

उरतो नोव्हेंबर. जूनमध्ये सुरुवात केली तर पाच महिने मिळतात. अडचण सणांची. दुसऱ्या खेपेला गणपतीचे दिवस मी वेळापत्रकातून आधीच काढून टाकले होते. पहिल्या वर्षी ते धरले, अभ्यास झाला नाही आणि मोदक खातानाही जीव लागला नाही. दिवाळी मात्र बहुतेकदा ऐन शेवटच्या आठवड्यांत येते. त्याबद्दल घरात जूनमध्येच बोलून ठेवा. आमच्याकडे त्या वर्षी चकल्या विकतच्या आल्या आणि आईने ते पाहुण्यांना माझ्या देखत सांगितलं.

पायरी २: दोन ढीग करा

गार्पच्या संकेतस्थळावर लर्निंग ऑब्जेक्टिव्हजची यादी फुकट मिळते. ती छापून घ्या. प्रत्येक ओळीची सुरुवात क्रियापदाने होते: सांगा, तुलना करा, मोजा. जिथे ‘मोजा’ आहे तिथे लाल खूण करा. लाल तो बसून करायचा ढीग, बाकीचा उभ्याने करायचा.

फाउंडेशन्स जवळजवळ सगळं उभ्याचं. फक्त सीएपीएम आणि मल्टिफॅक्टर या मॉडेलची (जोखमीवरून परतावा काढणाऱ्या) गणितं बाजूला काढा. मार्केट्समधले बँका, विमा कंपन्या, म्युच्युअल फंड, एक्स्चेंज, क्लिअरिंग हे धडे उभ्याचे. फ्युचर्स, ऑप्शन्स, स्वॅप्स (पुढच्या भावांचे आणि देवाणघेवाणीचे करार) आणि व्याजदर बसल्याचे. व्हॅल्युएशनमध्ये रेटिंग, कंट्री रिस्क, ऑपरेशनल रिस्क (माणसं आणि व्यवस्था चुकण्याची जोखीम) आणि स्ट्रेस टेस्टिंगचा मोठा भाग प्रवासात होतो. बाकी सगळं टेबलाचं. क्वांट तर पूर्णच टेबलाचं, त्यात सूट नाही.

ढीग करून झाले की आपल्याला आठवड्यात बसून किती तास मिळतात ते मोजा. मला पहाटे साडेपाच ते पावणेसात असे पाच दिवस आणि शनिवार-रविवार मिळून नऊ तास मिळायचे. वन रूम किचनच्या घरात नऊ वाजल्यानंतर टीव्ही आणि कुकर यांच्यामध्ये गणित होत नाही, म्हणून सुट्टीच्या दिवशी अभ्यासिका. मुंबई-ठाण्यात मंडळांच्या, ग्रंथालयांच्या अभ्यासिका पुष्कळ आहेत. बहुतेक मुलं एमपीएससीची असतात आणि शांतता कडक असते. कॅल्क्युलेटरची बटणं टकटक वाजतात, म्हणून कोपऱ्यातली जागा धरा.

पायरी ३: पुस्तकाआधी कॅल्क्युलेटर

परीक्षेत ठरावीक कॅल्क्युलेटरच चालतात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा बीए टू प्लस आणि एचपीचा १२ सी हे त्यांपैकी. बीए टू प्लस घ्या, म्हणजे अडलं तर विचारायला माणसं भेटतात. पहिला आठवडा धडा उघडू नका, यंत्र शिका.

सर्वांत आधी गणिताची पद्धत बदला. यंत्र नवं असताना ते साखळी पद्धतीवर असतं. २ + ३ × ४ दाबलं तर २० दाखवतं. फॉरमॅटमध्ये जाऊन ‘एओएस’ (आधी गुणाकार-भागाकार करणारी पद्धत) निवडा, मग १४ येईल. दशांश स्थळं दोनवर असतात, ती ९ करा. पी/वाय, म्हणजे वर्षातले हप्ते, १ आहे की १२ ते बघा. १२ राहिलं तर बाँडची प्रत्येक किंमत चुकते आणि का चुकते ते कळत नाही. माझे असे दोन दिवस गेले आहेत.

मग हे उदाहरण करा. पाच वर्षांचा बाँड, दर्शनी किंमत १००, वार्षिक कूपन (बाँडवरचं व्याज) ७ टक्के, यील्ड (बाजाराला हवा तो परतावा) ८ टक्के. एन (वर्षं) ५, आय/वाय (यील्ड) ८, पीएमटी (कूपन) ७, एफव्ही (शेवटी मिळणारी रक्कम) १००, आणि पीव्ही, म्हणजे आजची किंमत, विचारा. उणे ९६.०१ आलं तर यंत्र ठीक आहे. उणे चिन्ह म्हणजे तेवढे पैसे तुमच्या खिशातून जातात. आता यील्ड ८.०१ करून पुन्हा किंमत काढा. फरक शंभर रुपयांमागे जेमतेम चार पैसे. हाच डीव्ही झिरो वन. शंभर कोटींच्या दर्शनी किमतीला तो सुमारे ३ लाख ८९ हजार होतो. यील्ड एका बेसिस पॉइंटने, म्हणजे ०.०१ टक्क्याने, हललं की ट्रेझरीतला माणूस खुर्चीत का सरसावून बसतो, ते या आकड्यावरून कळतं. व्याख्या पाठ करण्याआधी हे करून बघा, मग व्याख्या पाठ करावी लागत नाही.

पायरी ४: उभ्याचा अभ्यास कानाने करा

गर्दीत वाचणं होत नाही, ऐकणं होतं. मी प्रत्येक प्रकरणाची चार-पाच मिनिटांची व्हॉइस नोट माझ्याच आवाजात, मराठीत करत असे. मराठीत सांगायला बसलं की लपता येत नाही. इंग्रजी वाक्य पाठ करून फेकता येतं; तीच गोष्ट शेजारच्या काकूंना सांगितल्यासारखी सांगायची तर आधी समजावी लागते.

उदाहरणार्थ बेरिंग्ज. लंडनची जुनी बँक, सिंगापुरात निक लीसन नावाचा ट्रेडर. सौदे तोच करायचा आणि त्यांचा हिशेबही त्याच्याच हाताखाली. तोटे ८८८८८ या खात्यात लपवत गेला. १७ जानेवारी १९९५ ला कोबेला भूकंप झाला, जपानी बाजार घसरला, त्याने पोझिशन, म्हणजे चालू सौदे, आणखी वाढवली. सुमारे ८२ कोटी ७० लाख पौंड बुडाले आणि बँक एका पौंडाला विकली गेली. परीक्षेत भूकंपाची तारीख विचारणार नाहीत. विचारतील ते हे की कोणतं नियंत्रण नव्हतं. उत्तर एकच: फ्रंट ऑफिस (सौदे करणारं) आणि बॅक ऑफिस (हिशेब ठेवणारं) वेगळं नव्हतं.

मेटालगेझेलशाफ्ट या जर्मन कंपनीची गोष्ट उलटी. तिथे हेज, म्हणजे तोट्यापासूनचा बचाव, अगदीच चुकीचं नव्हतं. ग्राहकांना वर्षानुवर्षं ठरलेल्या भावात तेल द्यायचं होतं आणि बचाव मात्र जवळच्या महिन्यांच्या फ्युचर्सने केला होता. १९९३ मध्ये तेल उतरलं, फ्युचर्सवरचा तोटा रोख भरायला लागला आणि ग्राहकांकडचा फायदा मात्र पुढच्या वर्षांत यायचा होता. कागदावर जमा-खर्च जुळेलही, पण रोकड आज लागते. या दोन गोष्टी एकामागून एक ऐकल्या की ऑपरेशनल रिस्क आणि लिक्विडिटी रिस्क आपोआप वेगळ्या होतात.

आपल्याकडची प्रकरणं अभ्यासक्रमात नाहीत, तरी माझ्या नोट्समध्ये होती. काँसंट्रेशन रिस्कला पीएमसी बँक: एकूण कर्जाच्या सत्तर टक्क्यांहून जास्त रक्कम एकाच बिल्डर समूहाकडे. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले तेव्हा सुरुवातीला खात्यातून सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढता येत होते. रेटिंगच्या मर्यादांना आयएलअँडएफएस ही पायाभूत सुविधांची वित्त कंपनी: २०१८ मध्ये कोसळण्याच्या काही आठवडे आधीपर्यंत ट्रिपल ए, म्हणजे सर्वोच्च रेटिंग. परीक्षेत ही नावं येत नाहीत, पण संकल्पना डोक्यात रुतून बसते.

परतीच्या गाडीला कान थकलेले असतात. तेव्हा काहीच करू नका. हे मी गंभीरपणे सांगते आहे.

पायरी ५: बसल्याचा अभ्यास हाताने करा

धडा एकदा भरभर वाचा, अधोरेखित करत बसू नका. त्याच दिवशी पुस्तक मिटून पंधरा प्रश्न सोडवा. पाच-सहा बरोबर येतील, वाईट वाटेल, ठीक आहे. चुकलेला प्रत्येक प्रश्न एका वहीत उतरवा आणि शेजारी कारण लिहा. कारणं तीनच ठेवा: समजलं नव्हतं, बटण चुकलं, प्रश्न नीट वाचला नाही. महिन्याभरात माझ्या वहीत सर्वांत जास्त निघालं तिसरं. ‘खालीलपैकी कोणतं विधान चुकीचं’ यातला शेवटचा शब्द मी वाचतच नव्हते.

क्वांटमध्ये पहिली पायरी बेझचा प्रमेय. सूत्र न लिहिता शंभर दिवस कल्पून सोडवा. समजा, शंभरातल्या ३० दिवशी मुसळधार पाऊस असतो. पावसाच्या दिवशी गाडी उशिरा येण्याची शक्यता ८० टक्के, कोरड्या दिवशी २०. आज गाडी उशिरा आहे, तर बाहेर पाऊस असण्याची शक्यता किती? पावसाचे उशिराचे दिवस २४, कोरडे उशिराचे १४, एकूण ३८. त्यांतले २४, म्हणजे ६३ टक्के. डिफॉल्ट आणि रेटिंगचे प्रश्न हेच, फक्त पावसाच्या जागी कर्जदार.

व्हॅल्युएशनमध्ये सगळ्यात जास्त वेळ व्हॅर (व्हॅल्यू अॅट रिस्क: शंभरातल्या ९९ दिवशी, म्हणजे ठरलेल्या पातळीपर्यंत, तोटा ज्याच्या आत राहील तो आकडा) आणि एक्स्पेक्टेड शॉर्टफॉल (त्यापलीकडच्या वाईट दिवसांचा सरासरी तोटा) यांना द्या. दहा लाखांची गुंतवणूक, रोजचं प्रमाण विचलन १.२ टक्के, ९९ टक्के पातळी: दहा लाख गुणिले ०.०१२ गुणिले २.३३ (नॉर्मल वितरणातला ९९ टक्क्यांचा गुणक), म्हणजे २७,९६०. दहा दिवसांसाठी दहाचं वर्गमूळ लावलं की सुमारे ८८,४००. हे सगळ्यांना जमतं. हे कधी खोटं ठरतं ते कळायला पुढचा प्रयोग करा.

एनएसईच्या संकेतस्थळावरून निफ्टीचे रोजचे बंद भाव उतरवा, एप्रिल २०१८ ते मार्च २०२० अशी दोन वर्षं. एक्सेलमध्ये रोजचा टक्केवारी बदल काढा आणि वाइटापासून चांगल्याकडे रचा. साधारण पाचशे दिवस येतील, म्हणून ९९ टक्क्यांचा व्हॅर पाचव्या सर्वांत वाईट दिवसावर पडतो. यादीत सगळ्यात वर २३ मार्च २०२०, निफ्टी एका दिवसात जवळपास १३ टक्के खाली. आता त्या १३ च्या जागी २५ टाका. व्हॅर जागचा हलत नाही! पहिल्या पाचांची सरासरी, म्हणजे शॉर्टफॉल, मात्र लगेच वाढते. बँकांसाठी आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या बाझल समितीने बाजार जोखमीचं भांडवल मोजायला ९९ टक्क्यांचा व्हॅर सोडून ९७.५ टक्क्यांचा एक्स्पेक्टेड शॉर्टफॉल का घेतला, त्याचं उत्तर तुमच्याच शीटवर आहे. मग तोच आकडा नॉर्मल वितरण धरून काढा आणि तफावत बघा. एक रविवार जातो, पण तीन धडे एकदम उलगडतात.

पायरी ६: ऑफिसचं ज्ञान दाराबाहेर ठेवा

बँकेतल्या माणसाला वाटतं आपल्याला निम्मं येतंच. तेच आड येतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने जोखमीच्या मानाने भांडवलाचं किमान प्रमाण ९ टक्के, बफर (वरचं राखीव भांडवल) धरून ११.५. हात सवयीने तेच लिहितो. परीक्षेला हवं बाझलचं: ८, आणि बफरसह १०.५. सीईटी वनचंही, म्हणजे भांडवलातल्या सर्वांत भक्कम भागाचंही, तसंच, आपल्याकडे ५.५, बाझलमध्ये ४.५.

दिवस मोजण्याची रीतही वेगळी. आपल्या सरकारी रोख्यांना ३०/३६० (महिना ३० दिवसांचा, वर्ष ३६०चं) लागतं, अमेरिकी ट्रेझरी बाँडला प्रत्यक्ष दिवस भागिले प्रत्यक्ष दिवस. तिथल्या बाँडचा भाव बत्तीसांशांत सांगतात; १०२-१६ म्हणजे १०२.५०, १०२.१६ नव्हे. आणि व्याज सतत चक्रवाढीचं आहे की सहामाही, हे प्रत्येक प्रश्नात आधी शोधा. या सगळ्याचा एक कागद करून टेबलासमोर चिकटवा.

पायरी ७: शेवटचे पाच आठवडे

नवीन काही वाचू नका. गार्पचा सराव पेपर आणि आणखी तीन-चार, प्रत्येक सलग चार तास, परीक्षेच्या वेळेलाच. पार्ट वनमध्ये एका प्रश्नाला २ मिनिटं २४ सेकंद पडतात. वाचून तीस सेकंदांत वाट दिसली नाही तर अंदाजाने एक पर्याय लावून खूण करा आणि पुढे चला. कोरा सोडायचा नाही. पेपर चार तासांचा, त्याची तपासणी सहा तासांची असायला हवी. चुकांची वही या काळात रोज.

पायरी ८: परीक्षेचा दिवस

नोंदणीतलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव अक्षरशः जुळलं पाहिजे. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं, पासपोर्टवर आडनाव एक आणि बँकेत दुसरं, असा घोळ नेहमीचा. फी भरण्याआधी पासपोर्ट समोर ठेवून नाव टाइप करा आणि त्याची मुदत बघा.

तारीख रविवारची मिळाली तर मेगाब्लॉक बघा. केंद्रावर एकदा आधी जाऊन या, त्याच वेळेच्या गाडीने. कॅल्क्युलेटरची बॅटरी आठवडाभर आधी बदला आणि बदलल्यावर पायरी ३ मधली सेटिंग्ज पुन्हा तपासा, कारण ती पुसली जातात. ही गोष्ट मला केंद्राच्या दारात आठवली होती.

पार्ट टूबद्दल थोडंसं

पार्ट वन पास झाल्यापासून चार वर्षांत पार्ट टू पास व्हावं लागतं. मार्केट, क्रेडिट आणि ऑपरेशनल प्रत्येकी २० टक्के, लिक्विडिटी-ट्रेझरी १५, इन्व्हेस्टमेंट १५, चालू विषय १०. इथे ढिगांचं प्रमाण उलटतं. उभ्याने करायचं खूप जास्त. व्हॉइस नोट्सची सवय इथे खरी उपयोगी पडते. अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून ९ मार्च २०२३ ला एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढले गेले आणि दुसऱ्या दिवशी बँक बंद झाली. ही एक गोष्ट नीट सांगता आली की व्याजदर, लिक्विडिटी आणि ठेवीदारांची घबराट असे तीन धडे एकत्र येतात. टेबलाचा वेळ मार्केट आणि क्रेडिटमधल्या मोजक्या गणितांना ठेवा.

दोन्ही पार्ट झाले तरी नावापुढे एफआरएम लागत नाही. दोन वर्षांचा पूर्णवेळ संबंधित कामाचा अनुभव गार्पकडे नोंदवावा लागतो आणि त्याला पार्ट टूनंतर दहा वर्षांची मुदत असते. इंटर्नशिप आणि अर्धवेळ काम धरत नाहीत. अनुभव भरताना ‘एमआयएस रिपोर्ट केले’ असं न लिहिता कोणती जोखीम, कशाने मोजली, तुमचा आकडा कुठल्या समितीपुढे गेला हे लिहा. नोकरी बदलणार असाल तर हा मजकूर जुन्या खुर्चीवरून उठण्याआधीच लिहून ठेवा.